विजेच्या मोटारीला माफी, पेट्रोलच्या दुचाकीला कर

मुंबईहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून विजेवर चालणाऱ्या मोटारींना आणि बसगाड्यांना टोल माफ करण्यात आला. राज्य शासनाने त्याच वर्षी जाहीर केलेल्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांनाही ही सवलत देऊ केली आहे. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकी आणि रिक्षा यांना मुळात प्रवेशच नाही. त्यामुळे या माफीचा लाभ मोटारमालकाला आणि काही प्रमाणात बसच्या प्रवाशाला मिळतो. विजेची स्कूटर घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काहीही येत नाही.

प्रदूषण कमी व्हावे म्हणून सवलती द्याव्यात, याबद्दल फारसा वाद नाही. त्या कोणाला मिळतात आणि इंधनावरील कराचा भार दरम्यान कोण वाहतो, हा खरा प्रश्न आहे.

पेट्रोल ही श्रीमंतांची गरज, असा समज बराच काळ रूढ होता. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने तो खोटा ठरवला. देशातील पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींना लागते, तर मोटारींचा वाटा जेमतेम एकतृतीयांश आहे, असे त्या पाहणीत दिसून आले. दूध घालणारा, कुरियर पोहोचवणारा, उपनगरातून कारखान्यात जाणारा कामगार, हा या देशातील पेट्रोलचा मोठा ग्राहक आहे. त्याला लिटरमागे तोच कर भरावा लागतो, जो आलिशान मोटारीचा मालक भरतो.

पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे दर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. मात्र मे २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे जगात कच्चे तेल स्वस्त झालेले असताना, केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. स्वस्ताईचा फायदा त्यामुळे ग्राहकापर्यंत पोहोचलाच नाही. वर्षभराने, मे २०२१ च्या अखेरीस, मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने आणि जुलै २०२२ मध्ये राज्याने करात कपात केली. तरीही २०२५ मध्ये मुंबईतील दर १०३ रुपयांच्या घरात होता.

आता साधा हिशेब पाहू. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देत असेल, तर वीस लिटर पेट्रोलचे दोन हजारांहून अधिक रुपये होतात. तेवढ्याच अंतरासाठी विजेच्या स्कूटरला साधारण तीस युनिट वीज लागते. दहा रुपये युनिट धरले तरी खर्च तीनशे रुपये. म्हणजे जो जितका अधिक फिरतो, त्याची तितकी अधिक बचत. हा फरक सर्वांत मोलाचा आहे तो दिवसभर गाडीवर असणाऱ्यांना, आणि नेमके त्यांनाच विजेचे वाहन घेणे सर्वांत अवघड जाते.

पहिली अडचण भांडवलाची आणि दुसरी प्लगची. चाळीत किंवा झोपडपट्टीत गाडी गल्लीत उभी राहते, मीटर पोटमाळ्याच्या जिन्याखाली असते, आणि भाडेकरूला नवी जोडणी घरमालकाच्या संमतीवाचून मिळत नाही. सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर वीज महाग पडते. शिवाय गरीब कुटुंब बहुधा जुने वाहन घेते. जुन्या विजेच्या गाडीत बॅटरी किती शिल्लक आहे हे सांगणे कठीण, आणि नवी टाकायची तर खर्च मोठा.

रिक्षाचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. मुंबईत अनेक रिक्षा मालकाकडून पाळीच्या भाड्याने घेऊन चालवल्या जातात. गाडी मालक विकत घेतो, गॅसचा खर्च मात्र चालकाच्या खिशातून जातो. विजेची रिक्षा घेण्यासाठी जादा पैसे मालकाने मोजायचे आणि इंधनाची बचत चालकाची व्हायची, अशा व्यवहारात मालकाला घाई का असावी? त्याने ती घेतली, तर पाळीचे भाडे वाढवून तो बचत आपल्याकडे वळवू शकतो. अनुदानाच्या नियमांत या चालकाचा विचार अभावानेच दिसतो.

सवलतींची रचनाही किमतीवर बेतलेली आहे. विजेच्या वाहनावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. वाहन लाखाचे असो वा कोटीचे, दर तोच. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल मोटारीवर १२ टक्के मोटार वाहन कर पडतो. त्यामुळे पंधरा लाखांच्या विजेच्या मोटारीला मिळणारी करमाफी सुमारे एक लाख ऐंशी हजारांची ठरते. लाखभराच्या स्कूटरला ती दहा-अकरा हजारांची. आयकर कायद्यातील ८० ईईबी कलमाने एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या वाहनकर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंत वजावट दिली. ज्याला आयकरच लागत नाही, त्याला या कलमाचा काडीचाही उपयोग नव्हता. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांहून महाग विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवण्यात आला होता. त्याच महिन्यात तो मागेही घेण्यात आला.

अन्य देशांनी वेगळे मार्ग चोखाळले आहेत. नॉर्वेने जानेवारी २०२३ पासून विजेच्या मोटारीच्या पाच लाख क्रोनरवरील किमतीला मूल्यवर्धित कर लावला. इंधनकराविरुद्ध २०१८ मध्ये ‘पिवळ्या जाकिटां’चे आंदोलन अनुभवलेल्या फ्रान्सने २०२४ च्या आरंभी कमी उत्पन्नाच्या आणि कामासाठी दूर जावे लागणाऱ्या लोकांना महिना सुमारे शंभर युरो भाड्याने विजेची मोटार देण्याची योजना आणली. मागणी इतकी आली की काही आठवड्यांतच त्या वर्षासाठी नोंदणी बंद करावी लागली. उत्पन्न आणि रोजचे अंतर या दोन निकषांवर सवलत देता येते, एवढे त्यातून दिसले.

आपल्याकडे ज्यांना दुचाकीही परवडत नाही, त्यांचे वाहन म्हणजे बस. ‘बेस्ट’च्या ताफ्यात विजेच्या गाड्या आल्या आहेत. जुलै २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलेले साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये दहा रुपये झाले, आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा. एसटीचे भाडे त्याच वर्षी जानेवारीत १४.९५ टक्क्यांनी वाढले होते.