पोट वाचवणारी सुरी

वैद्यकाचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या धाडसातून सांगितला जातो. 1881 साली व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून उरलेले जठर आतड्याला जोडले. रुग्ण स्त्री काही महिन्यांनी दगावली, पण वाट मोकळी झाली. पुढे दीर्घकाळ या रोगावरचा इलाज म्हणजे पोट उघडणे, हेच समीकरण राहिले. मला या इतिहासाचे दुसरे पान अधिक मोलाचे वाटते. ते जपानमध्ये लिहिले गेले.

जपानमध्ये हा रोग फार होता. 1950 साली तिथे पोटात उतरवता येणारा कॅमेरा तयार झाला. 1962 मध्ये तिथल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांनी ‘प्रारंभिक कर्करोगा’ची व्याख्या ठरवली: अस्तरात किंवा त्याखालच्या थरात थांबलेला, स्नायूपर्यंत न पोचलेला. रोग असा लवकर दिसू लागल्यावर प्रश्न उभा राहिला. नखाएवढ्या डागासाठी जठर का कापायचे?

1980 च्या दशकात डागाखाली सलाइन टोचून तो उचलायचा आणि तारेच्या फासाने कापायचा, ही पद्धत आली. मोठा डाग मात्र तुकड्यांत निघे आणि रोग मागे राहण्याची भीती असे. दशकभराने टोक्योच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात टोकाला सिरॅमिकचा गोळा असलेली विद्युत सुरी आली. गोळ्यामुळे जठराला भोक पडण्याचा धोका कमी झाला. डाग एकसंध सोलून निघू लागला.

पण रोग लसिकाग्रंथींत गेला नसेल कशावरून? याचे उत्तर आधी शस्त्रक्रिया झालेल्या 5265 रुग्णांच्या नोंदींनी दिले. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. पेशींची ठेवण फारशी न बिघडलेले, अस्तरातच थांबलेले, 3 सेंटीमीटरपेक्षा लहान असे 1230 कर्करोग त्यांत होते. एकाचाही प्रसार ग्रंथींत झालेला नव्हता. 2006 मध्ये ही पद्धत जपानच्या आरोग्य विम्यात आली.

त्या 1230 जणांची जठरे कापली गेली होती. त्यांच्या जखमांनी पुढच्यांची जठरे वाचवली. या इतिहासाचे खरे नायक मला तेच वाटतात.

आणि ही सुरी उपयोगी पडते ती वेळेवर तपासलेल्यालाच. आपल्या घरांत ‘गॅस झालाय’ म्हणत महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या जातात. वजन घटते, घास अडकतो, तरी दुर्बीण टाळली जाते. तोवर डाग स्नायूत उतरलेला असू शकतो. मग उरते ती बिलरोथचीच वाट.