समान नाव, असमान वर्तन : पायथनच्या ‘ओएस’ मॉड्यूलची कथा

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. विंडोज लॅपटॉपवर लिहिलेली पायथन आज्ञावली विद्यार्थी अशा लिनक्स यंत्रावर चालवतो, तेव्हा ती बहुधा विनातक्रार चालते. या सोयीमागे एक जुनी रचना आहे.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ॲमस्टरडॅम येथून पायथन प्रसिद्ध केली. फाइल उघडण्याची, फोल्डर वाचण्याची प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची रीत निराळी. म्हणून पायथनमध्ये दोन स्तर आले. आतल्या स्तरात सिस्टिमनिष्ठ मॉड्यूल : युनिक्स कुळासाठी ‘पॉझिक्स’, विंडोजसाठी ‘एनटी’. बाहेरच्या स्तरात ‘ओएस’ हे समाईक मॉड्यूल. यंत्रात या दोहोंपैकी काय उपलब्ध आहे हे ‘ओएस’ आरंभीच पाहते आणि त्याची फंक्शन्स आपल्या नावाने पुढे करते. वापरणाऱ्याने आतल्या मॉड्यूलला थेट हात लावू नये, असा संकेत आहे.

परंतु समान नाव म्हणजे समान वर्तन नव्हे. ‘फोर्क’ हे फंक्शन विंडोजवर नाहीच. तेथे आज्ञावली चूक दाखवून थांबते. हा भेद बोलका आहे. धोका असतो तो मूक भेदाचा. ‘लिस्टडिर’ फोल्डरातील फाइलींची यादी सर्वत्र देते. पण तिच्या क्रमाची हमी कोठेच देत नाही.

या मूक भेदाचे मोल २०१९ मध्ये रसायनशास्त्राला कळले. एनएमआर गणितांतून रेणूंची रचना ठरवण्यासाठी २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’ने प्रसिद्ध केलेली पायथन आज्ञावली हवाई विद्यापीठातील संशोधकांनी वेगवेगळ्या सिस्टिमांवर चालवली. फाइली त्याच, उत्तरे मात्र वेगळी! आज्ञावलीने फाइलींचा विशिष्ट क्रम गृहीत धरला होता. काही यंत्रांवर तो क्रम बदलला, फाइलींच्या जोड्या चुकल्या, आणि चूक कोणतीही सूचना न देता उत्तरात मिसळून गेली. उपाय साधा होता : यादी वापरण्यापूर्वी ती क्रमाने लावून घेणे.

ते वृत्त वाचून मी माझ्या पीएच.डी.च्या आज्ञावल्या पुन्हा उघडल्या. दोन ठिकाणी यादी क्रम न लावताच वापरलेली आढळली. निष्कर्ष सुदैवाने बदलले नाहीत. पण त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

प्रयोगाच्या वहीत आपण उपकरणाची नोंद करतो. ऑपरेटिंग सिस्टिम हेही उपकरणच आहे. तिचीही नोंद हवी.