दोन रेघांची गोष्ट

"डॉक्टर, एकच रेघ आलीय, म्हणजे मला कोविड नाही ना?" २०२१ पासून हा प्रश्न मला असंख्य वेळा विचारला गेला आहे. उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी ही पट्टी आली कुठून, हे थोडं समजून घ्यायला हवं.

तुमच्या हातातली पट्टी ही प्रेग्नन्सी टेस्टची धाकटी बहीण आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस गर्भधारणा ओळखण्यासाठी बाईची लघवी लहान उंदरांना टोचत आणि मग उंदीर मारून त्यांची बीजांडं तपासत. १९६०च्या दशकात उंदीर गेले, परीक्षानळ्या आल्या, पण त्या प्रयोगशाळेतच राहिल्या. १९६७ साली अमेरिकेत ऑर्गेनॉन कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची तरुण डिझायनर काम करत होती. तिने त्या नळ्यांची रांग आणि खाली लावलेला आरसा पाहिला. हे तर बायका घरीच करू शकतील, असं तिला वाटलं. कंपनीतल्या साहेबांना ते पटेना. डॉक्टर नाराज होतील ही त्यांची एक भीती. (आमची ही कीर्ती जुनी आहे!) पेटंट तिच्या नावावर निघालं, पण हक्क तिने एका डॉलरच्या मोबदल्यात कंपनीला लिहून दिले.

त्या घरगुती संचातही नळी होतीच. नळीची पट्टी झाली १९८८च्या सुमारास, 'क्लिअरब्लू'ने. आजच्या कोविडच्या पट्टीचं तत्त्व तेच आहे. तुम्ही थेंब टाकता, तो कागदासारख्या पडद्यातून टीपकागदावरच्या शाईसारखा पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, भेटतात. इतक्या बारीक रूपात सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. विषाणूचं प्रथिन असेल तर ते या कणांना घेऊन 'टी'जवळ अडकतं आणि लाल रेघ उमटते. उरलेले कण 'सी'जवळ अडकतात. म्हणजे 'सी'ची रेघ फक्त "पट्टी नीट चालली" एवढंच सांगते. ती नसेल तर टेस्ट बाद, 'टी'वर काहीही दिसो.

ओळखणारा एक जैविक रेणू आणि ओळख पटल्याची खूण दाखवणारी सोय, या जोडीला बायोसेन्सर म्हणतात. तुमचा ग्लुकोमीटर त्याच घराण्यातला. त्याचा मूळपुरुष म्हणजे लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडलेला एन्झाइमचा इलेक्ट्रोड.

भारतात कोविडच्या अँटीजेन पट्टीला आयसीएमआरने जून २०२० मध्ये मान्यता दिली. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबची घरी करायची पट्टी आली, किंमत २५० रुपये, निकाल पंधरा मिनिटांत. दिल्लीच्या आयजीआयबीमधल्या शास्त्रज्ञांनी क्रिस्पर वापरून 'फेलुदा' पट्टीही केली. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं हे नाव मला फार आवडलं. पण तिच्यातही आधी पीसीआर यंत्रात नमुना वाढवावा लागे, त्यामुळे ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करण्याजोगी नव्हती.

आता एका रेघेचं काय? आरटी-पीसीआर विषाणूच्या जनुकीय अंशाच्या अगणित प्रती काढून मग शोधते. पट्टी काहीच वाढवत नाही, आहे तेवढंच पाहते. विषाणू कमी असला किंवा काडी नाकात नुसती टेकवली, तर पट्टी गप्प बसते. म्हणून आयसीएमआरचा नियमच होता: लक्षणं असून पट्टी निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर करा. दोन रेघा आल्या, तर मात्र पुन्हा खात्री करायची गरज नव्हती. अनेक घरांत पहिली निगेटिव्ह पट्टी पाहून आजारी माणूस आजी-आजोबांशेजारीच जेवायला बसला, आणि त्याची किंमत आजी-आजोबांनी मोजली.

पावसाळ्यात डेंग्यूच्या पट्टीचंही असंच होतं. तिच्यातला एनएस१ हा भाग विषाणूचं प्रथिन शोधतो, आणि ते तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत सापडण्याची शक्यता जास्त. सरकारी नोंदीतही अशा रॅपिड टेस्टवर डेंग्यू पक्का धरत नाहीत, एलायझा लागते. म्हणून रिपोर्ट हातात घेण्याआधी मी विचारतो, "ताप नक्की कोणत्या दिवशी सुरू झाला?" येताना ती तारीख तेवढी लिहून आणा.