कवटी म्हणजे मणकेच का?

हिवरे बाजारला सहल नेणाऱ्या शाळा पाणलोटाची कामे पाहून परततात. त्याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे आहे. तिथेही थांबायला हवे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी तिथे उत्खनन केले. सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन मडकी आणि आत इवलीशी हाडे.

तान्ह्या मुलाची हाडे ओळखणे अवघड असते. आपल्या डोक्याचे मागचे हाड मोठेपणी एकसंध असते, पण जन्मतः त्याचे चार सुटे भाग असतात. पुढचा भाग तर नखाएवढा. खडा समजून सहज फेकला जाईल असा. हे भाग साधारण ५ ते ७ वर्षांपर्यंत सांधले जातात. म्हणून ते जुळले आहेत की नाहीत, यावरून वयाचा अंदाज बांधता येतो.

मज्जारज्जूच्या मोठ्या छिद्राभोवती हे चार भाग मांडून पाहिले, की मणक्याची आठवण होते. जर्मन कवी गटे यालाही तसेच वाटले. १७९० साली व्हेनिसमध्ये त्याला मेंढीची फुटकी कवटी मिळाली आणि सगळी कवटी मणक्यांचीच बनली असावी, अशी कल्पना त्याला सुचली. ओकेनने १८०७ मध्ये तीच कल्पना प्रसिद्ध केली. मग आधी कोणाला सुचली यावरून वाद झाला, तो आपण सोडून देऊ.

१८५८ साली हक्सलेने लंडनच्या रॉयल सोसायटीत ही कल्पना खोडून काढली. वाढ झालेल्या हाडांच्या साम्यावर विसंबू नका, गर्भ पाहा, असे त्याचे म्हणणे. कवटी व कणा यांची सुरुवात सारखी असली, तरी पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

गंमत अशी, की गर्भ पाहिल्यावर गटेही थोडासा बरोबर निघाला. गर्भाच्या पाठीत मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना पेशींचे जोडीजोडीने खंड पडतात. त्यांपासून मणके बनतात. मात्र सुरुवातीचे चार-पाच खंड मणके न होता डोक्याच्या मागच्या हाडात सामावतात. कवटीच्या पुढच्या भागाचा उगम निराळाच. १९९३ साली निकोल ल दुआरँ व सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भात लाव्याच्या पेशी बसवून ते दाखवले.

मानेतही अशीच उसनवारी आहे. पहिल्या मणक्याचा मधला भाग त्याला सोडून दुसऱ्याला चिकटतो आणि खुंटी बनतो. ‘नाही’ म्हणताना डोके वळते, ते या खुंटीभोवती. जन्मतः ती दुसऱ्या मणक्याशीही सांधलेली नसते. मडक्यातल्या तान्ह्या मुलाच्या हाडांत तीही वेगळी शोधावी लागते.