कळलावी: बाळंतपणाच्या कळांवरून नाव पडलेली ही वनस्पती औषध की विष?

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या पायवाटांवर आणि कोकणातल्या कुंपणांवर आगीच्या ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं दिसतात. ही कळलावी, म्हणजेच अग्निशिखा किंवा खड्यानाग. तमिळनाडूचं हे राज्यफूल, तर झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल. फोटोखाली 'औषधी वनस्पती' असं अनेकदा लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच.

नाव कसं पडलं?
बाळंतपणात कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून पूर्वी कळलावीचा कंद वाटून त्याचा लेप बाईच्या बेंबीवर, ओटीपोटावर आणि तळपायांना लावत. कळा लावते ती कळलावी. संस्कृतमधलं 'गर्भपातिनी' हे नावही तिचा हाच गुण सांगतं. हे फूल घरात आणलं की भांडणं लागतात, अशीही एक समजूत आहे.

आणखी कशासाठी वापरतात?
सांधेदुखी, सूज आणि त्वचारोगांवर कंदाचा लेप, तर उवांसाठी पानांचा रस वापरला जातो. विंचूदंश आणि सर्पदंशावरही कंद उगाळून लावण्याची पद्धत आहे. पण साप चावल्यावर असा लेप लावत बसणं म्हणजे मोलाचा वेळ घालवणं. अशा वेळी प्रतिविषासाठी थेट रुग्णालयच गाठावं लागतं.

धोका कुठे आहे?
आयुर्वेदात कळलावीची गणना उपविषांत होते, म्हणून वैद्य तिचा कंद शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. तिच्यात कोल्चिसिन हे द्रव्य असतं. ते पेशींचं विभाजन रोखतं. कंद पोटात गेल्यास काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. पुढे रक्तपेशी कमी होतात, अवयव निकामी होतात, मृत्यूही ओढवू शकतो. या विषावर सहज मिळणारा खात्रीशीर उतारा नाही. कंद रताळ्यासारखा दिसत असल्याने चुकून खाल्ला जाण्याची भीती असते.

मग औषध कसं?
हेच कोल्चिसिन गाउट या सांध्यांच्या आजारावर डॉक्टर देतात. त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते आणि बिया निर्यात होतात. फरक मात्रेचा आहे. गोळीत अर्धा मिलिग्रॅम मोजून दिलेला असतो, कंदात किती आहे हे घरी कळत नाही.

त्यामुळे कळलावी दिसली तर फोटो जरूर काढा, पण कंद उकरून घरगुती उपाय करू नका. गरोदर महिलांनी तर मुळीच नाही. चुकून पोटात गेल्यास त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालयात जा.