सांबा मसुरीची आफ्रिकी सोयरीक

भाताचं पान टोकाकडून कडेकडेने पिवळं पडत जातं, मग गवतासारखं सुकतं. हा कडा करपा. भारतात तो प्रथम नोंदवला गेला महाराष्ट्रातच, १९५१च्या सुमारास, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. १९६३ मध्ये त्याने बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात थैमान घातलं. हा जिवाणूचा रोग असल्याने फवारणीने फारसं साधत नाही. प्रतिकारशक्ती वाणातच असावी लागते.

आंध्रातल्या बापटला केंद्राने १९८६ मध्ये दिलेल्या सांबा मसुरीत (बीपीटी ५२०४) ती नव्हती. दाणा बारीक, भात मऊ, बाजारात मागणी मोठी, आणि करप्यापुढे मात्र ती हतबल.

तिला वाचवणाऱ्या जनुकांपैकी सर्वांत नामांकित जनुक आलं माली देशातल्या एका रानभातातून. ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा ही ती जात, शेतकऱ्याच्या लेखी तणच. तिच्या एका नमुन्याची प्रतिकारशक्ती कटकच्या भात संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात लक्षात आली. तिथून तो नमुना फिलिपीन्समधल्या लोस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेला. तिथले भातपैदासकार गुरदेवसिंग खुश आणि सहकाऱ्यांनी आयआर २४ या वाणाशी त्याचा संकर केला, आणि १९९० मध्ये जनुकाला एक्सए-२१ हे नाव मिळालं. कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या गटाने १९९५ मध्ये ते वेगळं काढलं. ज्या गवताला कुणी लोंबीसाठी विचारलं नसतं, त्याचा नमुना कुणीतरी जपून ठेवला होता, हे मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं.

पण एकाच जनुकावर विसंबणं धोक्याचं, कारण जिवाणूही बदलतो. म्हणून एक्सए-५ आणि एक्सए-१३ ही दोन जनुकं सोबत हवी होती. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ही तिन्ही पीआर १०६ या वाणात एकत्र आणली होती. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दाता म्हणून त्याच मालिकेतलं रोप घेतलं.

आता खरी पंचाईत. संकरित रोपाचा पुन्हा पुन्हा सांबा मसुरीशीच संकर करायचा, म्हणजे चव आणि दाणा परत येतो. चार फेऱ्यांनंतर दात्याचा वाटा सरासरी तीन टक्क्यांवर येतो. पण एक्सए-५ आणि एक्सए-१३ अप्रभावी आहेत. एकच प्रत असेल तर रोपावर काहीच दिसत नाही. शिवाय एक्सए-२१ असलेलं रोप तसंही निरोगी राहतं. जिवाणूच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने पान कापून पाहिलं, तरी आत एक जनुक आहे की तीन, ते कळायचं कसं?

इथे मार्कर कामी आले. जनुकाला लागून असलेला डीएनएचा ओळखता येणारा तुकडा बहुधा जनुकाबरोबरच पुढच्या पिढीत जातो. कोवळ्या पानातून डीएनए काढायचा, पीसीआरने तो तुकडा वाढवायचा, जेलवर पट्टी पाहायची. तुरा यायच्या आत कोणतं रोप ठेवायचं ते ठरतं.

हैदराबादचं भात संशोधन संचालनालय आणि तिथलंच पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) यांनी अशी घडवलेली सुधारित सांबा मसुरी २००८ मध्ये प्रसारित झाली. प्रयोगशाळेत जनुक घुसवलेलं नाही, सारं परागकणांनीच झालं. वाण सरळ असल्याने शेतकऱ्याला बियाणं घरीच राखता येतं.

पुढे सांबा मसुरीच्या कुळात एक्सए-३३ आणि एक्सए-३८ आणण्याचंही काम झालं. ही दोन्ही ओरायझा निवारा या रानभातातली. तो मात्र भारताच्याच डबक्यांकाठी उगवतो.