केनेडींचा फोन, निक्सन यांचे मौन

ऑक्टोबर १९६०. अटलांटातील रिच्स या दुकानाच्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या बरोबरीने बसण्याचा हक्क मागत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ठाण मांडले. त्यांच्यासोबत मार्टिन ल्यूथर किंग यांनाही अटक झाली. विद्यार्थी सुटले, किंग यांना मात्र वाहतुकीच्या जुन्या खटल्याचे निमित्त करून चार महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. अध्यक्षपदाचे मतदान दोन आठवड्यांवर होते.

निक्सन यांनी जाहीर मौन पाळले. केनेडींनी किंग यांच्या गरोदर पत्नी कोरेटा यांना फोन केला. बंधू रॉबर्ट थेट न्यायाधीशांशी बोलले. किंग सुटले. निक्सन यांचे समर्थक असलेले त्यांचे वडील केनेडींकडे वळले. सहानुभूती खरी असेलही, पण ती मोजूनमापून होती: त्या फोनची पत्रके वाटली गेली ती कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये. उपाहारगृहातील समान आसनाचा कायदा व्हायला १९६४ उजाडले. तेव्हा केनेडी हयात नव्हते.